संकटाच्या दिवसांत उपकारस्तुती कशी करायची? आधी विलाप, मग आभार

जैतूनफांदी (धागाकर्ती)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आजारपण, कर्ज, सुटलेली नोकरी, घरातला मृत्यू, युद्ध, पूर. कारण काहीही असो, विश्वासणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो "देवाचे आभार मान" हाच. सल्ला खोटा नाही, पण तो पाळायचा कसा हे फारसं कुणी सांगत नाही. मग माणूस वही घेतो, दहा आशीर्वाद लिहितो, चौथ्या दिवशी तेच दहा पुन्हा लिहितो आणि आठव्या दिवशी वही मिटते. वर "माझा विश्वासच कमी" ही टोचणी लागते ती वेगळीच. हा धागा त्या "कसं"साठी आहे.

गाडं बहुतेक वेळा क्रमावर अडतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. निव्वळ आभाराची त्याहून बरीच कमी. म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकानेच रडण्याला मोठी जागा दिली आहे, आणि आपण ती जागा वगळून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारायला जातो.

स्तोत्र १३ उघडून समोर ठेवा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा शब्द चार वेळा येतो: दोनदा देवाला उद्देशून (विसरलास का, तोंड का लपवतोस), एकदा स्वतःच्या मनातल्या घालमेलीबद्दल, एकदा वैऱ्याबद्दल. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे: बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. आणि मागण्याची कारणंही दिली आहेत, नाहीतर मी मरेन, वैरी म्हणेल मी जिंकलो. पाचव्या वचनाला "पण" येतो, तिथून भरवसा सुरू होतो, आणि सहाव्यात गाणं. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याची एकही खूण नाही. वैरी होता तिथेच आहे. बदललं ते इतकंच की सगळं देवासमोर बोलून झालं.

हाच साचा रोजच्या वीस मिनिटांत असा बसतो:

पहिली पाच मिनिटं विलाप. दोन-तीन वाक्यं, लिहूनच. प्रत्येक वाक्य "प्रभू" या शब्दाने सुरू करायचं, ही अट सोडायची नाही. "सगळं संपलंय" हे वाक्य हवेत जातं. "प्रभू, सगळं संपलंय" हे कुणाच्या तरी कानात जातं. कुरकुर आणि विलाप यांत मला तरी एवढाच फरक दिसतो, पण तो मोठा आहे.

नंतर तीन मिनिटं एकच मागणं. असं मागायचं की ज्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" येऊ शकेल. "शांती दे" मोघम आहे. "उद्याच्या तपासणीच्या वेळी सोबतीला कुणीतरी असू दे" हे मागणं आहे. पानाच्या उजवीकडे तीन बोटं जागा कोरी सोडा. तीस दिवसांनी मागे येऊन तिथे "मिळालं", "नाही" किंवा "अजून" असं तारखेसह लिहायचं. "नाही" हीसुद्धा नोंद आहे. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल (सततच्या त्रासाबद्दल) तीनदा विनवलं आणि काटा गेला नाही, कृपा मिळाली (२ करिंथ १२).

मग सात मिनिटं आभार. तीनच, मागच्या चोवीस तासांतले, आणि प्रत्येकात वेळ, वस्तू किंवा माणूस यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे. "आरोग्याबद्दल आभार" चालणार नाही. "दुपारी तीनच्या सुमारास ताप उतरला आणि तासभर गाढ झोप लागली, त्याबद्दल" हे चालेल. स्तोत्र १०३ आपल्या जिवाला बजावतं की त्याचे उपकार विसरू नकोस. विसरतात त्या घडलेल्या गोष्टी. "आरोग्य" घडत नाही, ताप उतरतो.

शेवटची पाच मिनिटं एक स्तोत्र, मोठ्याने. मनात नाही, ओठांनी. आवाज थरथरला तरी चालेल.

एक चूक इतकी सर्रास होते की ती इथेच सांगते: "इतरांचं माझ्याहून वाईट चाललंय, म्हणून आभार." हे विनयाचं वाटतं, पण लूक १८ मधल्या परूश्याच्या (धर्मनियम कडक पाळणाऱ्या यहूद्याच्या) प्रार्थनेची चाल नेमकी हीच आहे: मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे उपकार. दुसऱ्याच्या दुःखावर उभे केलेले आभार दुसऱ्याचं दुःख हलकं झालं की कोसळतात. त्याच्यासाठी प्रार्थनेत मध्यस्थी करा, त्याच्याशी तुलना नको.

वचनशोधक

धागा फार गरजेचा होता, ताई. एक शंका. १ थेस्सलनी ५:१८ मध्ये "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करा असं आहे, ते समजतं. पण इफिस ५:२० मध्ये "सर्व गोष्टींबद्दल" आहे. मग कर्करोगाबद्दल, अपघाताबद्दल, अन्यायाबद्दलही आभार मानायचे? काही उपदेशक तसं ठामपणे सांगतात.

कुंभारमाती

शब्द खरंच वेगळे आहेत, वचनशोधक. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात मूळ ग्रीकमध्ये "एन पांती" आहे, म्हणजे प्रत्येक गोष्टी*त*. इफिसकरांच्या पत्रात "ह्युपेर पांतोन", म्हणजे सर्वां*बद्दल*. दुसरं वचन पुसून टाकता येत नाही. पण ते एकटं वाचायचंही नाही. त्याच अध्यायात चार वचनं आधी, १६ मध्ये, दिवस वाईट आहेत असं पौल स्पष्ट म्हणतो. ११ व्या वचनात अंधाराच्या कामांत भागी होऊ नका, ती उघडी पाडा असं आहे. जे उघडं पाडायचं त्याचेच आभार मानायचे, असं एकाच पानावर तो सांगत नसणार. शिवाय २० व्या वचनातले आभार "प्रभू येशूच्या नावाने" आहेत. ज्या गोष्टीला येशूचं नाव लावता येत नाही, तिथे हे वाक्य लावायचं कसं?

माझ्या मते सगळ्यात स्पष्ट उत्तर एका रात्रीत आहे. मार्क १४ काढा. २३ व्या वचनात येशू प्याला घेतो आणि उपकारस्तुती करतो. विश्वासघाताची रात्र आहे, येशूला पकडून देण्याचा शिष्य यहूदाचा सौदा आधीच झालेला आहे. प्रभुभोजनाला जगभरच्या अनेक मंडळ्या (चर्च) जो शब्द वापरतात तो, "युखारिस्त", याच क्रियापदातून आला, त्याचा अर्थच उपकारस्तुती. मग २६ व्या वचनात ते गीत गाऊन बाहेर पडतात. आणि ३६ व्या वचनात, गेथशेमानेत, दुसरा प्याला येतो. त्या प्याल्याबद्दल येशू आभार मानत नाही. तो माझ्यापासून दूर कर, असं विनवतो, आणि मग स्वतःची इच्छा पित्याच्या हाती देतो.

एकाच रात्री दोन प्याले. एकावर आभार, एकावर विनवणी. ज्याला दुसऱ्या प्याल्यावर आभार सुचत नाहीत त्याला अविश्वासू म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, कारण मग ते प्रभूलाही लागू होईल.

वचनशोधक

दोन प्याल्यांकडे असं पाहिलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

रात्रदिवा

जैतूनफांदी ताईंची रीत सकाळी किंवा मोकळ्या वेळी चांगली बसते. झोपण्याआधी ज्यांना लिहवत नाही त्यांच्यासाठी आणखी एक जुनी वाट आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या आध्यात्मिक साधनेत, जिला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, दिवसाच्या शेवटी करायच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत. कॅथलिक नसलेल्यांनाही ते वापरायला काही अडचण नाही.

१. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार.
२. स्वतःचं पाप दिसावं म्हणून कृपा मागणं.
३. उठल्यापासून आत्तापर्यंतचा हिशेब, तासातासाने.
४. क्षमा मागणं.
५. सुधारण्याचा निश्चय, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना.

पंधरा मिनिटं पुरतात. तिसऱ्या टप्प्याला सहा, बाकीच्यांना दोन-दोन, उरलेलं मिनिट प्रभूच्या प्रार्थनेला.

आभार पहिले आहेत, पाप नंतर, हा क्रम जाणूनबुजून आहे. खचलेला माणूस आत्मपरीक्षण थेट चुकांपासून सुरू करतो आणि अर्ध्या तासात स्वतःला फासावर चढवून मोकळा होतो. ती क्षमायाचना नव्हे, तो नुसता स्वतःला दिलेला मार. आधी दिवसातले दोन-तीन उपकार नजरेखालून गेले की चुका त्या उजेडात दिसतात, आणि ज्याच्यासमोर कबूल करायचं तो कोण आहे हे आठवत राहतं.

दुसरी नेहमीची चूक: तासातासाचा हिशेब म्हणजे दिवसाचा अहवाल होतो. सकाळी उठलो, चहा घेतला, फोन आला. तसं नको. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: इथे मी देवाकडे वळलो की पाठ फिरवली? जिथे मन अडखळेल तिथे थांबा, बाकीचे तास सोडून द्या.

आणि त्याच साधनेत मन कोरडं पडल्याच्या काळासाठी एक नियम आहे. आत्म्यांची पारख करण्याच्या चौदा नियमांपैकी पाचवा. उदासीच्या काळात आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत, मन शांत असताना जे ठरवलं त्यावर ठाम राहावं. संकटात मंडळी सोडणं, सेवा सोडणं, नातं तोडणं असे निर्णय रात्री अकराला घेतले जातात. वहीत लिहा, तारीख घाला, आणि उजेड येईपर्यंत राहू द्या.

सांजसावली

हे सगळं ज्याला थोडंतरी बळ आहे त्याच्यासाठी झालं. ज्याला शब्दच फुटत नाहीत, शास्त्र उघडलं तरी अक्षरं पळतात, त्याने काय करायचं? त्याच्यासमोर वीस मिनिटांचा तक्ता ठेवणं मला कठोर वाटतं.

मोहरीदाणा

बरोबर बोललात. त्याच्यासमोर तक्ता ठेवायचाच नाही. १ राजे १९ पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि कारण देतो: वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. झोप, भाकर, पाणी, झोप, भाकर. पर्वत, वारा, भूकंप, अग्नी आणि तो शांत मंद स्वर हे सगळं त्यानंतरचं, चाळीस दिवसांनी.

आणखी एक गोष्ट. होरेब पर्वतावर देव त्याला तोच प्रश्न दोनदा विचारतो आणि एलीया तेच गाऱ्हाणं दोनदा, जवळपास शब्दशः, सांगतो. त्याबद्दल त्याला झापलेलं नाही. म्हणून रोज तीच तक्रार लिहिली जात असेल तर वही फुकट गेली असं समजू नका.

शब्द नसतील तेव्हा एवढंच:

श्वास आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "माझ्यावर दया कर". दहा श्वास. दिवसातून तीनदा, जेवणाला जोडून, म्हणजे वेगळं आठवावं लागत नाही.

किंवा स्तोत्र ८८. अठरा वचनं आहेत आणि शेवटचं वचन अंधारातच संपतं. तिथे "पण" येत नाही. तेही प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे, म्हणजे "पण" न येणारा दिवसही प्रार्थनेत बसतो.

किंवा काहीच नाही, आणि दुसऱ्यांनी प्रार्थना करायची. मार्क २ मध्ये चार जण पक्षाघात झालेल्याला खाटेसकट आणतात, छप्पर उकलतात, आणि येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला असं लिहिलं आहे. खाटेवरच्याने एक शब्दही उच्चारलेला नाही.

आणि हे स्पष्ट लिहिते: दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, कशातच रस उरला नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवेत. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. देवदूताने भाकर दिलीच होती.

कुंभारमाती

मोहरीदाणा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण दुजोरा. त्याच जातीची एक गोष्ट जोडतो. घरात मारहाण होत असेल तर "सर्व स्थितीत आभार मान" हे वचन त्या व्यक्तीला सांगायचं नाही. आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं. पौलाला दिमिष्कात मारायचा कट झाला तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं (प्रेषितांची कृत्ये ९). त्याने तिथेच थांबून उपकारस्तुती केली नाही.

गव्हाचीओंबी

मंडळीच्या पातळीवर काय करायचं यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपत्तीनंतर उपकारस्तुतीची सभा घ्यायची असते आणि ती बहुतेक वेळा बिघडते. बिघडते ती साक्षींमुळे. एक जण उठून सांगतो, "आमचं घर वाचलं, प्रभूने राखलं." तिसऱ्या बाकावर ज्याचं माणूस गेलं तो बसलेला असतो. त्याला ऐकू येतं ते असं: तुमचं राखलं नाही.

हे टाळायला साठ मिनिटांचा क्रम:

पाच मिनिटं पूर्ण शांतता. वाद्य नाही, निवेदन नाही. पाच मिनिटं फार लांब वाटतात, चालकाने घड्याळ बघून ती पाळायची.

पंधरा मिनिटं विलाप. विलापगीताचा तिसरा अध्याय, निदान पहिली २४ वचनं. यरुशलेम बाबेलच्या हातून इ.स.पू. ५८६ मध्ये पडलं, त्याची ही गीतं. पाच अध्यायांपैकी पहिले चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन-तीन वचनं, २२ अक्षरं, एकूण ६६. दुःखाला आलेफ (पहिलं अक्षर) ते ताव (शेवटचं) असं रांगेत बसवलं आहे, एकही अक्षर न गाळता. त्याची दया रोज सकाळी नवी होते हे वचन (३:२२-२३) सगळ्यांना पाठ असतं, पण ते बाविसाव्या वचनापर्यंत येत नाही. आधीची एकवीस वाचल्याशिवाय ते वाचू नका. वाचून झालं की गेलेल्यांची नावं, सावकाश, फक्त नावं.

दहा मिनिटं मध्यस्थी. जखमी, बेघर, मदतकार्य करणारे, आणि ज्यांच्याशी आपलं पटत नाही तेही.

पंधरा मिनिटं स्तोत्र १३६. सव्वीस वचनं, प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच: त्याची दया सनातन आहे. चालकाने पूर्वार्ध, मंडळीने उत्तरार्ध. ४ ते ९ सृष्टी, १० पासून मिसरातून सुटकेचा इतिहास, २३ मध्ये आपल्या हीन दशेत त्याने आठवण केली, २५ मध्ये सगळ्या प्राण्यांना अन्न. २४ व्या वचनानंतर थांबा आणि मंडळीच्या ओळी घाला. त्या आधी चिठ्ठ्यांवर घ्यायच्या, एका चिठ्ठीवर एकच वाक्य, बारा शब्दांच्या आत, नाव न लिहिता. दोन जणांनी आधी वाचून निवडायच्या. "आम्हाला वाचवलं" अशा चिठ्ठ्या बाजूला, "अनोळखी माणसाने रात्रभर पाणी उपसायला मदत केली" अशा आत. प्रत्येक ओळीनंतर मंडळीचं तेच उत्तर. मग २५ आणि २६ ने शेवट.

दहा मिनिटं अर्पण आणि पुढच्या आठवड्यात कोण कुणाकडे जाणार याची वाटणी, पाच मिनिटं आशीर्वाद.

उपदेश मुद्दाम ठेवलेला नाही. आपत्ती कुणाच्या पापामुळे आली याची चर्चा तर अजिबात नको. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून जास्त पापी होते का, असं येशूनेच विचारलं आणि स्वतःच "नाही" म्हटलं (लूक १३).

रात्रदिवा

क्रम उत्तम आहे. पण माझं मत असं की आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात ही सभा घेऊच नये. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं तिथून बिघडलं. पहिल्या आठवड्यात स्वयंपाक, कागदपत्रं, मुलांना सांभाळणं. सभा दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही हेच. रोम ८:२८ (सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) हे दुःखी माणसाने स्वतः उच्चारायचं वचन आहे, पाहुण्याने नव्हे. राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत डच ख्रिस्ती कैदी बेट्सी टेन बूमने पिसवांबद्दलही आभार मानले, हे उदाहरण फार दिलं जातं. पिसवांमुळे पहारेकरी त्या खोलीत यायचे टाळत आणि तिथे शास्त्रवाचन चालू शकलं, हे नंतर कळलं. पण ते आभार बेट्सीने स्वतःच्या बिछान्यावरच्या पिसवांबद्दल मानले होते. सुरुवातीला तिच्या सख्ख्या बहिणीलाही ते पटलं नव्हतं. बाहेरून आलेल्या कुणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही. आणि बेट्सी १९४४ च्या डिसेंबरात त्याच छावणीत वारली. उदाहरण द्यायचं तर हे सगळं मिळून द्यावं.

गव्हाचीओंबी

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारचं मान्य. माझ्या क्रमात ती अट घालायला हवी होती.

अर्पणाबद्दल थोडं. लेवीय ७ मध्ये उपकारस्तुतीच्या यज्ञाचे नियम आहेत. बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या चपात्या, मळलेल्या सपिठाच्या पोळ्या, आणि त्यांच्या जोडीला खमिराची भाकर. मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या यज्ञाचं मांस दुसऱ्या दिवशी चालत असे, आभाराचं नाही. एवढं अन्न एका दिवसात एका घराला संपत नाही. शेजारी, गरीब, वाटसरू यांना बोलवावंच लागतं. आभार एकट्याने खाऊन संपत नाहीत अशी ही रचना आहे. म्हणून वहीत तीन आभार लिहिले की आठवड्यातून एकदा त्यांतल्या एकाचं रूपांतर करा: ज्याने पाणी उपसायला मदत केली त्याला निरोप पाठवा, किंवा कुणी तुमच्यासाठी केलं तसंच दुसऱ्या कुणासाठी करा. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसावर गेलं की राहतंच.

वचनशोधक

संकटाबद्दल बोलताना नवीकरणाचाही (आतून नवं होण्याचा) प्रश्न येतो. ते झालं हे ओळखायचं कसं? पुष्कळदा मन हलकं झालं की "नवीन झालो" म्हणतात, आणि दोन दिवसांत मन पुन्हा जड होतं.

कुंभारमाती

मन हलकं होणं हे माप धरू नका. २ करिंथ ४:१६ मध्ये बाहेरचा माणूस झिजतो आहे आणि आतला दिवसेंदिवस नवा होतो आहे, हे दोन्ही एकाच वाक्यात, एकाच वेळी चालू आहे. झीज थांबल्यावर नवीकरण असं तिथे नाही. रोम १२:२ मधलं "रूपांतर होऊ द्या" हे क्रियापद ग्रीकमध्ये चालू काळातलं आहे आणि कर्मणी आहे. म्हणजे करणारा दुसरा, होत राहणारं काम, आपण फक्त त्याच्या हाताखाली थांबायचं.

१५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीची (प्रोटेस्टंट विश्वास प्रश्नोत्तरांत शिकवणाऱ्या पुस्तिकेची) रचना इथे उपयोगी पडते. १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले, आणि तीन भाग: मनुष्याची दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. कृतज्ञता तिसरी येते, आणि प्रार्थनेला त्या कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हटलं आहे. मला त्यातून कळतं ते असं: आभार मानून सुटका मिळवायची नसते. सुटका ख्रिस्ताने आधीच दिलेली आहे, आभार तिच्यामागून येतात. ज्याला वाटतं की पुरेसे आभार मानले तर देव संकट हटवेल, त्याने पहिला आणि तिसरा भाग जोडून मधला गाळलेला असतो.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत, पण त्या आठवड्याने नव्हे, महिन्याने दिसतात. विलापाच्या वाक्यांत "का" कमी होऊन "कोठवर" वाढतो. मागण्यांत स्वतःशिवाय दुसऱ्याचं नाव येऊ लागतं. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी एक ओळ तरी लिहवते. चिडचिड झाल्यावर माफी मागायला आधी दोन दिवस लागायचे, आता संध्याकाळ पुरते. गलतीकरांच्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाचे नऊ गुण दिले आहेत, त्यांतलं सहनशीलता आणि ममता हे दोन घरच्यांना आपल्याआधी दिसतात. त्यांना विचारा.

सांजसावली

मोहरीदाणा, कुंभारमाती, दोघांचेही आभार. आता तो तक्ता कठोर वाटत नाही. दोन व्यवहारी प्रश्न: शेवटच्या पाच मिनिटांसाठी स्तोत्र निवडायचं कसं? आणि दिवस चुकला तर?

जैतूनफांदी (धागाकर्ती)

इतकी भर पडेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांची ऋणी आहे.

स्तोत्र निवडायला तारखेचा हिशेब सोपा. आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. पाचांची पहिली दोन-दोन वचनं नजरेखालून घाला आणि जे आजच्या मनाला लागेल ते एकच वाचा. पाचही वाचायचा हट्ट संकटात नको. २९ तारखेला ११९ वं येतं, त्याची १७६ वचनं आहेत. त्यातली आठ वाचा आणि थांबा. ३१ तारीख मोकळी आहे, त्या दिवशी महिन्यातलं कुठलंही परत.

दिवस चुकला तर मागचा भरून काढायचा नाही. विलापगीतातली ती दया रोज सकाळची आहे, थकबाकीची नव्हे. सलग चार-पाच दिवस चुकले तर वीस मिनिटं तुम्हाला जास्त होतात असं समजा आणि एक विलाप, एक आभार एवढ्यावर या. सहा मिनिटांत होतं.

आणि ज्या दिवशी चोवीस तासांतला एकही उपकार सापडत नाही, त्या दिवसासाठी हबक्कूकच्या शेवटच्या अध्यायाचा साचा (३:१७-१८). त्याने सहा गोष्टी गेल्याचं एकेक करून म्हटलं आहे: अंजीर फुलत नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतं अन्न देत नाहीत, मेंढवाड्यात कळप नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आणि मग "तरी". वहीत सहा ओळी आखा. प्रत्येकीवर आज जे नाही ते लिहा, खरं आणि नेमकं: "खात्यात पैसे नाहीत", "आईचा आवाज घरात नाही". सहा भरल्या नाहीत तर चारच. सातव्या ओळीवर फक्त "तरी" लिहा आणि पेन खाली ठेवा. त्यापुढचं वाक्य त्या रात्री आलं नाही तर ओळ कोरी राहू द्या, आणि पुढच्या दिवशी त्याच पानावरून सुरुवात करा.